रक्तपेढीतल्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे कसे?

रक्तगट काढणं हे प्रयोगशाळेतल्या सोप्या कामांत मोडतं. डीएमएलटीचा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच ते शिकतो. नळीत रुग्णाच्या तांबड्या पेशींचं सस्पेन्शन घ्यायचं, त्यावर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी यांचे थेंब टाकायचे, सेंट्रिफ्यूजमधून फिरवायचं आणि मग नळी उजेडासमोर धरून हळूच तिरकी करायची. तळाशी बसलेलं लाल बटण धुरासारखं विरत सुटलं तर निगेटिव्ह, गुठळी होऊन सुटलं तर पॉझिटिव्ह. समजा, ए आणि बीच्या नळ्यांत काहीच झालं नाही आणि डीच्या नळीत घट्ट गुठळी आली. विद्यार्थी वहीत लिहितो, ‘ओ पॉझिटिव्ह’. परीक्षक मान डोलावतात. दहापैकी दहा.

त्याच नमुन्याचा सीरम वेगळा काढून ए, बी आणि ओ अशा तिन्ही ज्ञात गटांच्या पेशींशी लावून बघितला असता (हे रिव्हर्स ग्रुपिंग, आधीचं फॉरवर्ड), तर कदाचित ओ पेशींच्या नळीतही तितकीच घट्ट गुठळी दिसली असती. ‘ओ’ गटाच्या माणसाचा सीरम ‘ओ’ पेशींना हात लावत नाही. इथे लावतोय, म्हणजे काहीतरी वेगळं आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी मुंबईत तीन व्यक्तींमध्ये हे वेगळेपण पाहिलं, लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि ‘बॉम्बे’ रक्तगट जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ज्याच्यापासून ए-बी तयार होतात तो एच हा पायाही नाही. त्यांच्या रक्तात एचविरुद्ध जोरदार अँटिबॉडी असते आणि ‘ओ’ पेशींवर एच भरपूर असतो. अशा रुग्णाला ‘ओ’ची बॅग लावली तर ती जिवावर बेतते. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा मानला जातो, युरोपात दहा लाखांत एकाचा. म्हणजे हा प्रश्न आपल्याच घरचा आहे.

क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रुग्णाचा सीरम बॅगेतल्या पेशींशी लावून बघताना, ही गोष्ट सापडते, हे खरं. पण क्रॉसमॅचला वेळ नसतो तेव्हा घाईघाईत ‘ओ’चीच बॅग काढतात, हेही तितकंच खरं. मग त्या विद्यार्थ्याला दहापैकी दहा देणाऱ्या परीक्षेला काय म्हणायचं? त्याला विचारलं तेवढं त्याने बरोबर सांगितलं. त्याला विचारायलाच हवं होतं ते कुणी विचारलं नाही. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे ते या तक्रारीतून जन्माला आलं आहे. रक्तपेढीचं तंत्र शिकवणारी पुस्तकं बरीच आहेत. ते तंत्र शिकलेल्याला तपासायचं कसं, याबद्दल शिक्षकाच्या हाती देता येईल असं मराठीत माझ्या पाहण्यात काही नव्हतं.

ही प्रस्तावना पेठ वडगावसारख्या गावात बसून लिहिण्याला एक कारण आहे. वडगाव हे बाजारपेठेचं गाव. शेजारून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, किणीचा टोलनाका जवळ, आणि गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. अपघात व्हायचे तेव्हा होतातच. बाळंतपणं तर रोजची. रक्त लागलं की नातेवाईक सॅम्पलची नळी आणि डॉक्टरांनी भरलेला फॉर्म घेऊन कोल्हापूरची वाट धरतात, वीस-बावीस किलोमीटर. सीपीआर रुग्णालयाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या रक्तपेढीच्या बाकावर तास-दीड तास बसतात आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या थैल्यांमध्ये ठेवलेली बॅग मांडीवर घेऊन परततात. काचेच्या पलीकडे टेबलाशी जो कोणी बसला आहे त्याचं नाव त्यांना माहीत नसतं, तो काय शिकलाय ते तर नाहीच. रात्रपाळीला बऱ्याच ठिकाणी तो एकटाच असतो. बॅगवर चिठ्ठी लावायच्या आधीचा शेवटचा माणूस तोच. त्याला पास कुणी केलं आणि कशावरून केलं, हा वडगावच्या त्या नातेवाइकाचा प्रश्न आहे, त्याने तो कधी विचारला नसला तरी.

आता हा विषय उभा कसा राहिला ते थोडं पाहू. त्याचे दोन प्रवाह आहेत आणि ते फार उशिरा एकमेकांना भेटले.

पहिला प्रवाह रक्ताचा. 1901 मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात एबीओ गट दाखवून दिले, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सायट्रेटमुळे रक्त न गोठता साठवता येऊ लागलं, 1940 मध्ये आरएच आला. हे सगळं शाळेच्या पुस्तकांतही असतं, म्हणून त्यात रेंगाळत नाही. रेंगाळायचं ते 1945 पाशी. त्या वर्षी केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स यांनी मूरंट आणि रेस यांच्यासोबत अशी चाचणी दिली, की पेशींना चिकटलेली पण स्वतःहून गुठळी न करणारी अँटिबॉडी पकडता यावी. आजही रक्तपेढीतलं निम्मं कौशल्य या एका चाचणीभोवती फिरतं. पेशी सलाइनने तीन-चार वेळा धुवायच्या, धुऊन झाल्यावर नळीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, मग अँटिह्यूमन ग्लोब्युलिन टाकायचं. धुणं कच्चं राहिलं तर नळीत उरलेल्या प्रथिनांतच ते अँटिग्लोब्युलिन खर्ची पडतं आणि खरी पॉझिटिव्ह नळी निगेटिव्ह दिसते. बघणाऱ्याला काहीही खटकत नाही. यावर उपाय म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत मुद्दाम अँटिबॉडी चढवलेल्या पेशी टाकायच्या, त्यांना ‘चेक सेल्स’ म्हणतात. आता गुठळी आलीच पाहिजे. नाही आली तर आधीची निगेटिव्ह खोटी, सगळं पहिल्यापासून.

ही चाचणी स्वतःचीच परीक्षा घेते. मला ती रक्तपेढीच्या सगळ्या शिस्तीचा गाभा वाटते. चेक सेल्स टाकणारा विद्यार्थी कबूल करत असतो की माझा हात चुकला असेल. आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते, कारण ती गाळली तरी निकाल सहसा तोच येतो. परीक्षेत तिला स्वतंत्र गुण ठेवलेले मी फार कमी वेळा पाहिले.

भारतात रक्तपेढ्यांची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात झाली. पुढची काही दशकं पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बरीचशी गाडी चालली. 1990 मध्ये ए. एफ. फर्ग्युसन या संस्थेने देशातल्या रक्तपेढ्यांची पाहणी केली तेव्हा विनापरवाना पेढ्या, अपुऱ्या तपासण्या आणि अप्रशिक्षित माणसं असं चित्र बाहेर आलं. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने जनहित याचिका केली आणि 4 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा त्यातून आल्या, 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच निकालात रक्तपेढीच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम काढण्यासाठी पावलं उचलावीत असंही सांगितलं होतं. ते सहसा कुणी आठवत नाही. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने तो धागा पुढे नेला. आज एमडी ट्रान्सफ्यूजन मेडिसिन आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम आहेत, आणि 2021 च्या कायद्याने तंत्रज्ञांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे.

पण नियमावली उघडून बघा. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागायला काय हवं? एमएलटीची पदवी आणि रक्त तपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, किंवा पदविका आणि वर्षाचा अनुभव. महिने मोजले आहेत. सहा महिने कुठे होतात, एवढंच कायदा विचारतो. तिथे तुम्ही स्वतः किती क्रॉसमॅच लावले, किती वेळा रिव्हर्स आणि फॉरवर्ड जुळले नाहीत, तेव्हा तुम्ही काय केलंत, हे विचारायला तो थांबत नाही. ते विचारणं शिक्षकावर आणि रक्तपेढीवर सोडलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी अनुभवाचा दाखला एका ओळीचा असतो आणि त्यात ‘समाधानकारक’ हा शब्द असतो.

दुसरा प्रवाह परीक्षेचा. आपल्याकडे ती ब्रिटिश वळणाची. एक प्रॅक्टिकल, काही स्पॉटर, सही केलेलं जर्नल आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे व्हायवा. व्हायवाला मी नावं ठेवणार नाही. जाणता परीक्षक चार प्रश्नांत विद्यार्थ्याचा तळ गाठतो. पण तसा परीक्षक आणि तशी सकाळ दोन्ही मिळावी लागतात. दुपारी तीनला, जेवणानंतर, चाळिसाव्या विद्यार्थ्याला ‘कूम्ब्स टेस्ट कशासाठी?’ असं विचारलं जातं आणि तोही ‘सर, टू डिटेक्ट इनकम्प्लीट अँटिबॉडीज’ असं एका दमात म्हणून मोकळा होतो. त्याला नळी धुता येते की नाही हे दोघांनाही कळत नाही. उलटही घडतं. हातकणंगले-शिरोळ भागातून आलेली, बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी टेबलावर बिनचूक काम करते, आणि इंग्रजीत दोन वाक्यं जुळवताना घामाघूम होते. व्हायवाचे गुण तिच्या इंग्रजीचे असतात.

या मनमानीला कंटाळून जगभरात बहुपर्यायी प्रश्न आले. ते निःपक्षपाती होते, तपासायला स्वस्त होते, आणि पाठांतराला पोषकही होते. मग 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी वेगळाच डाव मांडला. विद्यार्थ्याने एकामागून एक टेबलांवर जायचं, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटांत एकच काम करायचं, आणि समोरच्या परीक्षकाने छापील यादीवर खुणा करायच्या. सगळ्यांना तीच कामं, तेवढाच वेळ. या परीक्षेला ऑस्की म्हणतात आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तिचंच भावंड ऑस्पी चालतं. 1990 मध्ये जॉर्ज मिलर यांनी पायऱ्यांचं चित्र मांडलं. माहीत असणं, कसं करायचं हे माहीत असणं, करून दाखवणं, आणि सगळ्यांत वर, कुणी बघत नसताना रोजच्या कामात करणं. आपल्या परीक्षा बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवर घुटमळतात. ऑस्पी तिसरीपर्यंत पोचते. रात्री अडीचला, नातेवाईक काच ठोठावत असताना, चेक सेल्स टाकले जातात का, हे चौथ्या पायरीवरचं आहे.

अमेरिकेत रक्तपेढीतली विशेष तज्ज्ञता ही पदवीनंतरची वेगळी वाट आहे. तिथल्या प्रमाणपत्र परीक्षेत संगणक आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न अवघड की सोपा ते ठरवतो. पण माझ्या मते त्याहून शिकण्यासारखा आहे तो तिथला 1988 चा प्रयोगशाळा कायदा. त्याच्या नियमांनुसार काम करणाऱ्या माणसाची क्षमता पहिल्या वर्षी दोनदा आणि पुढे दरवर्षी तपासायची असते. ती कशी, तेही सांगितलं आहे. काम करताना समोर उभं राहून बघायचं, निकाल कसे नोंदवतो आणि कळवतो ते बघायचं, क्वालिटी कंट्रोलच्या वह्या चाळायच्या, यंत्राची निगा राखताना बघायचं, उत्तर झाकलेले नमुने द्यायचे, आणि अडचण आली तर काय करतो ते विचारायचं. यातलं काहीही वडगावात किंवा कोल्हापुरात करता येणार नाही असं नाही. महागडं यंत्र लागत नाही. वरिष्ठाचा वेळ लागतो, आणि तोच सगळ्यांत महाग आहे.

या क्षेत्रात सध्या दोन पंथ आहेत आणि त्यांचं भांडण समजून घेतल्याशिवाय या पुस्तकाची जागा कळणार नाही. एक पंथ यादीवाल्यांचा. काम बारीक पायऱ्यांत तोडा, प्रत्येक पायरीला खूण, खुणांची बेरीज म्हणजे गुण. पक्षपाताला वावच नाही. दुसरा पंथ म्हणतो, जाणकाराने पूर्ण काम बघावं आणि एकंदर मत द्यावं. पहिला पंथ वरवर जास्त न्याय्य दिसतो. पण 1999 मध्ये टोरांटोच्या ब्रायन हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अनुभव वाढत जातो तसे यादीवरचे गुण वाढत नाहीत. मुरलेला डॉक्टर नवख्यापेक्षा यादीत मागे पडू शकतो, कारण तो अनावश्यक प्रश्न गाळून थेट मुद्द्यावर जातो. त्याहून आधी, 1978 मध्ये, आर्थर एल्स्टीन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आणखी एक अडचण पुढे आली होती. एका प्रकरणात हुशारी दाखवणारा माणूस दुसऱ्या प्रकरणात ती दाखवेलच असं नाही. म्हणजे एका नमुन्यावरून कुणाला पास-नापास ठरवणं हा जुगार आहे. नेदरलँड्समध्ये 2005 च्या सुमारास ओले टेन काटे यांनी तिसरी वाट सुचवली. गुण राहू द्या, शिक्षकाने एवढंच सांगावं की हे काम या विद्यार्थ्यावर सोपवायला मी तयार आहे का. शेजारी उभं राहून, हाक मारली तर येईन अशा अंतरावर राहून, की घरी झोपून?

‘घरी झोपून’ ही कसोटी मला फार पटते. ज्याच्यावर रात्रपाळी सोडून पॅथॉलॉजिस्ट निर्धास्त झोपू शकतो तो तयार झाला, हे रक्तपेढीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक होतं. फक्त ते कागदावर नव्हतं, आणि कागदावर नसल्यामुळे ते मर्जीवर चालायचं.

या पुस्तकाच्या लेखकांनी मध्यम मार्ग काढला आहे असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी यादी ठेवली आहे, पण तिची धार एकाच प्रकारच्या क्षणांकडे वळवली आहे: जिथे काम थांबवलं पाहिजे ते क्षण. फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळत नाहीत. चेक सेल्सना गुठळी येत नाही. फ्रीजचा आकडा दोन ते सहा अंशांच्या बाहेर गेलेला दिसतो. फॉर्मवर पाटीलबाईंचं नाव आहे, नळीवरही पाटीलबाईंचंच, पण मधलं नाव वेगळं. आपल्या भागात एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया असणं ही रोजची गोष्ट, आणि नवऱ्याच्या नावातल्या एका अक्षरावर सगळं अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये 1996 पासून रक्त संक्रमणातल्या अपघातांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. चाचणीच्या अवघडपणापेक्षा माणसांच्या चुका, आणि त्यातही ओळख पटवण्यातल्या चुका, जास्त घात करतात हे तिथे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. भारताचा असाच हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम 10 डिसेंबर 2012 रोजी सुरू झाला. मग परीक्षेत मुद्दाम चुकीचं लेबल लावलेली नळी का ठेवू नये? लेखक ती ठेवतात. जो विद्यार्थी ती नळी बाजूला सारून ‘नवीन सॅम्पल मागवा’ असं लिहितो, त्याला त्या टेबलावरचे सगळे गुण. ज्याने सुंदर क्रॉसमॅच लावून ‘कम्पॅटिबल’ लिहिलं, त्याला शून्य. ही कठोरता मला मान्य आहे.

थांबण्याचा दुसरा प्रसंग टेबलावर येत नाही, मांडवात येतो. कोल्हापूर जिल्ह्यात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. तालमी, गणेश मंडळं, साखर कारखाने, नेत्यांचे वाढदिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद झाली की पिशव्यांची ओढाताण होते आणि रक्तपेढीवाले स्वतः मंडळांच्या पाया पडत फिरतात. अशा शिबिरात मंडळाचा अध्यक्ष हाताला धरून एक तगडा पोरगा घेऊन येतो. हिमोग्लोबिन भरतं 11.8, नियम 12.5 चा. ‘अहो, पैलवान आहे तो, घ्या की!’ बावीस वर्षांच्या शिकाऊ मुलीने अध्यक्षांना, त्यांचा मान राखून, त्या पोराला सगळ्यांसमोर कमीपणा न वाटू देता, नाही म्हणायचं आहे. याला कुठल्या अभ्यासक्रमात गुण आहेत? पुस्तकात हा प्रसंग परीक्षेचं एक टेबल म्हणून मांडला आहे, अध्यक्षाची भूमिका एखाद्या शिक्षकाने करायची. वाचताना हसू येतं. पण ज्याने असं शिबीर पाहिलं आहे त्याला हे टेबल सर्वांत अवघड आहे हे कळेल.

छोट्या रक्तपेढीची खरी अडचण वेगळीच आहे. विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांत तिथे दुर्मिळ असं काही येतच नाही. बॉम्बे गट तर नाहीच, साधी अनपेक्षित अँटिबॉडीसुद्धा नशिबानेच. मग परीक्षा कशावर घ्यायची? या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तो हाच, नमुने घडवण्याचा. ए गटाच्या थोड्या पेशींमध्ये ओ गटाच्या जास्त पेशी मिसळल्या की नळीत काही गुठळ्या आणि भोवती सुट्या पेशी असं चित्र येतं. ओ गटाचं रक्त मिळालेल्या ए रुग्णात असंच दिसतं. विद्यार्थ्याने ते ओळखावं आणि ‘याला अलीकडे कुठे रक्त दिलंय का?’ असं विचारावं. अँटी-डी पातळ करत नेलं की जेमतेम दिसणारी दुबळी अँटिबॉडी तयार होते. ओ गटाच्या सीरममध्ये ते टाकलं आणि आरएच पॉझिटिव्ह ओ पेशी दिल्या, की त्या पेशी गुठळतात आणि विद्यार्थ्यापुढे बॉम्बेसारखं कोडं उभं राहतं. खरं उत्तर वेगळं, पण पहिली प्रतिक्रिया तीच हवी: गट जाहीर करायचा नाही. या कृती लेखकांनी आपल्याच टेबलावर करून पाहिल्या आहेत हे वाक्यावाक्यातून जाणवतं. कुठली पेशी किती दिवसांची चालते आणि कुठला नमुना दुपारपर्यंत बिघडतो, असल्या गोष्टी पुस्तकातून पुस्तकात उतरत नाहीत.

एका मुद्द्यावर माझं लेखकांशी पटलेलं नाही आणि त्यांनी मोठ्या मनाने ते इथे लिहायला सांगितलं आहे. ते वेगाला गुण देतात. ठरलेल्या वेळेत क्रॉसमॅच पूर्ण केला तर अधिक गुण. त्यांचं म्हणणं, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात मिनिटं मोलाची असतात, तेव्हा संथपणा हाही दोषच. बरोबर आहे. पण शिकाऊ वयात वेगाला गुण मिळतात हे कळलं की मुलं पहिली पायरी कोणती गाळतात हे मी वर सांगितलं आहे. वेग सरावाने येतो; वगळण्याची सवय लागली की जात नाही. वेगाची नोंद ठेवावी, गुण ठेवू नयेत, असं माझं मत. वाचकांनी दोन्ही बाजू पाहून ठरवावं.

हे पुस्तक आत्ताच का? कारण टेबल बदलतंय. फ्रान्समधल्या ईव्ह लापिएर यांच्या कल्पनेतून आलेली जेल कार्डं आता तालुक्याच्या पातळीवरही पोचू लागली आहेत. नळी तिरकी करण्याचं हस्तकौशल्य मागे पडतंय, मोठ्या पेढ्यांत यंत्रच गुठळी वाचतं. काहींना वाटतं, मग विद्यार्थ्याला तपासायचं तरी काय उरलं? उरलं ते सगळं अवघडच. यंत्र जुळत नसलेले निकाल बाजूला काढतं आणि माणसाची वाट बघतं. सोपे नमुने यंत्राकडे गेल्यामुळे माणसापुढे येणारा प्रत्येक नमुना आता अडचणीचाच. दुसरीकडे रक्त साठवणूक केंद्रं. वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत वापर असलेल्या रुग्णालयांना पूर्ण परवान्याऐवजी मान्यतेवर असं केंद्र चालवता येतं. वडगावच्या नातेवाइकाची कोल्हापूरची खेप त्यामुळे वाचू शकते. पण ती वाचते तेव्हा क्रॉसमॅचची जबाबदारी मोठ्या पेढीतून उठून गावातल्या एका तंत्रज्ञाच्या टेबलावर येते, जिथे शेजारी विचारायला कुणी नाही. अशा टेबलावर पाठवायच्या माणसाची परीक्षा शहरातल्या मोठ्या पेढीतल्या माणसापेक्षा कडक हवी. आपण नेमकं उलटं करत आलो आहोत.

पुस्तक कोणासाठी आहे, तर डीएमएलटी-बीएमएलटी शिकवणारे, रक्तपेढीत शिकाऊ मुलं ज्यांच्या हाताखाली येतात ते वरिष्ठ तंत्रज्ञ, आणि एमडीचे मार्गदर्शक यांच्यासाठी. विद्यार्थ्यांनी वाचलं तरी बिघडत नाही, उलट उत्तर झाकलेल्या नमुन्यांमागचा हेतू त्यांना आधीच कळलेला बरा. यात अभ्यासक्रम नाही, सीरॉलॉजीचं पाठ्यपुस्तक नाही, आणि एचआयव्ही-हिपॅटायटिसच्या तपासण्यांचा भाग मुद्दाम आखूड ठेवला आहे, कारण त्याचं मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आहे. भाषा टेबलावरची ठेवली आहे. सस्पेन्शन, क्रॉसमॅच, रिअॅक्शन हे शब्द आपण बोलतो तसेच आहेत. गुणपत्रकं एका पानाची आहेत. त्यांची झेरॉक्स काढून उद्यापासून वापरता येतील.

वापरण्याआधी मात्र शिक्षकांनी एक करावं. सुरुवातीच्या भागात दिलेल्या पद्धतीने एक दुबळी पॉझिटिव्ह नळी तयार करावी आणि परीक्षा घेणाऱ्या तिघांनी ती एकमेकांना न विचारता वाचावी: शून्य, दुबळी, एक प्लस की दोन? आकडे कागदावर लिहून मग उघडावेत. एकाने ‘निगेटिव्ह’ आणि दुसऱ्याने ‘एक प्लस’ लिहिलं असेल, तर हा फरक का पडला, उजेड कमी होता, नळी कुणी जोरात हलवली, की चष्म्याचा नंबर बदललाय, हे आधी शोधावं. तिघांचे आकडे जुळेपर्यंत मुलांची प्रॅक्टिकल पुढे ढकलावी.

पेठ वडगाव, जि. कोल्हापूर